इनव्हॅलिड म्हणजे न चालणारं

माझ्या नाकावर राग असतो हे सांगलीत माझ्या गल्लीला ठाऊक आहे, आणि भोकरवण्यातल्या दोन पिढ्यांनाही. भोकरवणे म्हणजे पाटणच्या पुढे, कोयनानगरच्या वाटेवर डोंगराला टेकलेलं गाव. तिथल्या हायस्कुलात मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मागच्या वर्षी निवृत्त होऊन सांगलीला माहेरच्या घरी राहायला आले. पोरं मला पाठीमागे मूळव्याध म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. कारण एवढंच, की इंग्रजी शब्दाचं मूळ काढल्याशिवाय मी धडा पुढे सरकू देत नसे. फळ्याची डावी बाजू त्यासाठी राखलेली असायची. मला लॅटिन येत नाही, पण लॅटिनची मुळं येतात. जुन्या बाजारात रद्दीच्या भावात घेतलेला एक जाडजूड कोश मी तीस वर्षं चाळला आहे. त्यावरून गावातले म्हातारे माझी थट्टा करायचे, "बाई जैनाच्या, कांदा-बटाटा खाईत न्हाईत, कंदमुळं काय बी चालत न्हाई, आन वर्गात दिवसभर मुळं उकरत बसत्यात."

तेरा ऑगस्टला दुपारी दीडच्या सुमारास दाराची कडी वाजली. दारात नानासो माने आणि त्याची मुलगी शिवांजली उभी होती. दोघंही माझे विद्यार्थी. नानासो पंच्याण्णव सालच्या दहावीचा. पुढे फौजेत गेला, काश्मीरच्या बाजूला रस्ता मोकळा करताना वरून दरड आली आणि डावा पाय मांडीपासून निकामी झाला. तो पाय अजून आहे, पण वाकत नाही. चोविसाव्या वर्षी घरी परत आला आणि बसून करता येईल असं काम धरलं. पाण्याच्या मोटारी भरून देतो. शिवांजली दोन वर्षांपूर्वीच्या दहावीची, गणितात भलतीच तयार, बोलायला फटकळ. पण त्या दिवशी ती खाली मान घालून बसून राहिली. चहा पुढे केला, तर कपाला हातसुद्धा लावला नाही.

"काय झालं?" मी नानासोला विचारलं.

"बाई, पोरीचं इंजिनिअरिंगला नाव लागलंय," तो म्हणाला. "हितंच, सांगलीत. माजी सैनिकांच्या मुलांच्या जागंतनं. आज कागद तपासायचा शेवटचा दिस हाय. पाचपातुर मंजूर झालं तर झालं. सकाळी गेलो, तर त्यांनी परत लावलं."

"का?"

त्याने खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'वडिलांची सैन्यसेवा अवैध. पात्र नाही.'

"अवैध?" माझा आवाज चढला. "सेवा अवैध? पाच वर्षं बंदूक घेऊन उभा राहिलास ती अवैध? दाखव तुझं डिस्चार्ज बुक."

त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते पुस्तक काढून अलगद माझ्या हातात दिलं. कोपरे अजून कोरे होते. वर्षानुवर्षं न उघडलेलं पुस्तक कळतं. मी नोकरीतून कमी केल्याचं कारण वाचलं. 'इनव्हॅलिडेड आउट ऑफ सर्व्हिस.' आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अरे, हे इनव्हॅलिड म्हणजे रद्द नव्हे!" मी म्हणाले. "म्हणजे जायबंदी! कुठल्या अडाण्याने वाचलं हे? सरकारी खुर्चीवर बसतात आणि सहावीतल्या पोराचं इंग्रजी येत नाही यांना! चला. मी येते."

नानासो उठता उठता थबकला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. "बाई, त्याच्यासंगं आनखी येक..." एवढं म्हणेपर्यंत शिवांजली म्हणाली, "पप्पा, ऱ्हाऊ दे. बाई येनार हायेत न्हवं? बाईस्नीच यावं लागंल." त्या वाक्यातली धार माझ्या लक्षात यायला हवी होती. पण मला राग आला की दुसरं काही ऐकू येत नाही. पिशवी, चष्मा घेतला आणि रिक्षा थांबवली.

तपासणी एका कॉलेजच्या हॉलमध्ये चालली होती. आठ टेबलं, प्रत्येकापुढे रांग, पंखे वरच्या वर गरगरताहेत आणि खाली पालकांचा घामटा निघालाय. चौथ्या टेबलावर धैर्यशील नावाचा पंचविशीतला मुलगा बसला होता. गळ्यातल्या पट्टीवर त्याचं नाव होतं. आमचा नंबर यायला पावणेचार वाजले. तोपर्यंत मी उभ्या उभ्या चांगलीच उकळले होते.

"हे परत आलं की," तो शिवांजलीला म्हणाला. "सकाळी सांगितलं न्हवं? आन मावशी, तुमी कोण?"

"मी मावशी नाही. मी यांची बाई."

"कसली बाई?"

"इंग्रजीची. इनव्हॅलिड म्हणजे अवैध, हे इंग्रजी तुला कुणी शिकवलं?"

तो हसला. "मॅडम, इनव्हॅलिड म्हंजी काय ते मलाबी कळतंय. मोबाईलवर ओटीपी चुकला की काय येतं? इनव्हॅलिड. मग पुढं जाता येतंय का? न्हाई येत."

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्याच टेबलावरचा एक कोरा फॉर्म ओढला, उलटा केला आणि पेन काढलं.

"हे बघ," मी म्हणाले. मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं म्हणाले. "लॅटिनमध्ये एक धातू आहे, व्हॅलेरे. अंगात बळ असणं, धडधाकट असणं. त्यावरून व्हॅलिडस, म्हणजे बळकट. पुढे 'इन' लावला की बळ गेलं. आता हा शब्द इंग्रजीत दोन वाटांनी आला. कागदामागे कायद्याचं बळ नसेल तर कागद इनव्हॅलिड, म्हणजे रद्द. ती तुझी ओटीपीची वाट. आणि माणसाच्या अंगातलं बळ गेलं तर माणूस इनव्हलीड, म्हणजे जायबंदी. अक्षरं तीच, उच्चार वेगळा, अर्थ वेगळा. फौजेने काय लिहिलंय? की हा शिपाई नोकरीवर असताना जायबंदी झाला, म्हणून आम्ही त्याला घरी पाठवतोय. नोकरी रद्द केली असं कुठे लिहिलंय? दाखव मला!"

शेजारच्या टेबलावरचं काम थांबलं होतं. रांगेतला एक फेटेवाला म्हातारा "बराबर हाय, बराबर हाय," म्हणत होता. खरं सांगते, मला मजा यायला लागली होती. वर्षभर फळा सुटला होता आणि इथे आख्खा हॉल माझा वर्ग झाला होता.

"आणखी सांगू?" मी म्हणाले. "याच मुळाला दुसरी फांदी आहे. व्हॅलर. म्हणजे शौर्य. ज्या मुळातून शौर्य आलं त्याच मुळातून हा शब्द आला, आणि तू तो ओटीपीला लावतोस? लाज वाटत नाही? या माणसाचा पाय बघ. बघ खाली वाकून!"

धैर्यशील वाकला नाही. तो चिडलाही नाही, आणि त्यामुळे मी आणखी चिडले. त्याने शांतपणे फाईल उघडली.

"मॅडम, तुमचं समदं बरोबर असंल," तो म्हणाला. "खरं मी ते इंग्रजी बघितलंच न्हाई. फाईलीत मराठी प्रत जोडल्याली हाय, मी ती वाचली. माझ्या मनानं अवैध लिवलं न्हाई. ह्यात हाय तेच लिवलंय. ह्यात काय लॅटिन न्हाई."

त्याने एक पिवळा पडलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो ओढून घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"'सदर पत्रात नमूद केल्याप्रमाणे श्री. नानासो नाथाजी माने यांची सैन्यातील सेवा अवैध ठरवून त्यांना कमी करण्यात आले आहे. भाषांतर मूळ इंग्रजीशी ताडून पाहिले असून बरोबर आहे.' बरोबर आहे! कुठल्या गाढवाने केलंय हे भाषांतर?"

आणि मग मला अक्षर दिसलं.

निळी शाई, उजवीकडे झुकलेलं, काने लांब ओढलेले. हजारो वह्यांवर जे अक्षर मी उमटवलं, ते मला ओळखायला दोन वाक्यं जावी लागली. खाली शाळेचा गोल शिक्का. दहा ऑगस्ट दोन हजार चार. आणि सही, चं. आ. पाटील. चंदनबाला आदगोंडा पाटील. मी.

मी मागे वळून बघितलं. नानासो फरशीकडे बघत होता. शिवांजली मात्र, त्या दिवशी पहिल्यांदाच, सरळ माझ्या डोळ्यात बघत होती.

मग सगळं आठवलं. विसरले नव्हते, आठवायची गरज पडली नव्हती इतकंच. गावातून इतकी पोरं फौजेत गेलेली, म्हणून पंचायतीने शाळेच्या पटांगणात गावच्या सैनिकांचा फलक बसवायचं ठरवलं होतं. पंधरा ऑगस्टला उद्घाटन होतं. ज्यांचे कागद इंग्रजीत होते त्यांच्याकडे ग्रामसेवकाने मराठी प्रत मागितली. इंग्रजी येणारी गावात मी एकटी. नानासो कुबडी घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा राहिला होता. मी नववीचे पेपर तपासत होते, गठ्ठा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. त्याला बस म्हटलं की नाही तेही आठवत नाही. कागद घेतला, लिहिला, शिक्का मारला. दहा मिनिटं लागली असतील. कोश घरी होता. पोरांना प्रत्येक शब्दाला मूळ विचारणाऱ्या बाईने त्या दिवशी कोश उघडला नाही. आणि कोश तरी कशाला हवा होता? तो शब्द कुबडी घेऊन माझ्या समोर उभा होता. मान वर करून बघितलं असतं तरी अर्थ कळला असता.

"कोण हो हे पाटील?" धैर्यशील विचारत होता. "शाळेतलं कोण असतील. आता हयात तरी हायेत का?"

त्याला माझं नाव माहीत नव्हतं. मी गप्प बसले असते तर चाललं असतं. कुणा पाटलाची जुनी चूक, म्हणून हळहळून विषय संपला असता. असा विचार माझ्या मनात आला, आणि तो अगदी क्षणभर नव्हता, चांगला रेंगाळला. हॉलभर मला शाबासकी देणारे चेहरे होते. फेटेवाला म्हातारा अजून मान हलवत होता.

"हयात आहे," मी म्हणाले. "ते गाढव मीच."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी आधार कार्ड काढून त्याच्यापुढे आपटलं. रागाने आपटलं, पण आता तो राग त्याच्यावर नव्हता.

"मॅडम, ही प्रत आता काढता येत न्हाई," तो जरा वेळाने म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "सकाळीच स्कॅन झाली."

"काढू नकोस. राहू दे. ज्याने लिहिलं त्याने खोडलेलं दिसू दे. कागद दे एक."

मी उभ्यानेच लिहिलं. 'सोबतचे भाषांतर मी केले होते. ते चुकीचे आहे. मूळ शब्दाचा अर्थ सेवेत असताना जायबंदी झाल्याने निवृत्त, असा आहे. श्री. माने यांची सेवा अवैध नव्हती. वर्तणूक या रकान्यात सैन्याने त्यांना आदर्श असा शेरा दिला आहे, तो मी भाषांतरात घेतलाच नव्हता. ही चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली पूर्ण नाव घालून सही केली.

धैर्यशील कागद घेऊन आतल्या खोलीत गेला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आम्ही तिघं एका बाकावर बसलो. शिवांजली नखं खात होती. मी नानासोला काय म्हणणार होते?

साडेचार. चार पस्तीस. दोन टेबलांवरच्या लोकांनी आवराआवर सुरू केली. चार चाळीसला तो बाहेर आला, खुर्चीत बसला, कळफलकावर काहीतरी बडवलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. शिवांजलीच्या नावापुढे हिरवी खूण आली होती.

"साहेब म्हनले, मूळ कागद धरायचा," तो म्हणाला.

"मूळच धरायचं असतं," मी म्हणाले, आणि माझंच वाक्य माझ्या थोबाडीत बसल्यासारखं झालं.

धैर्यशील उठून उभा राहिला आणि नानासोला म्हणाला, "काका, सकाळचं मनावर घिऊ नगा." नानासोने त्याला हात जोडले. माझी मान खाली गेली.

आम्ही एसटी स्टँडवर पोचलो. कराडची गाडी साडेपाचची होती. फलाटावर नानासो बाकावर टेकला, पाय लांब करून. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"तुला माहीत होतं, माझं अक्षर आहे ते?"

"व्हय की," तो म्हणाला. "तुमी माझ्यापुढंच लिवलं हुतं. घरी सांगायचं हुतं तुमाला, पर जीभ रेटंना. तुमी येवड्या तावातावानं निघाला हुता."

"मग एकवीस वर्षांत एकदा विचारायचं होतंस! बाई, अवैध कसं काय? मी काय गुन्हा केला?"

"काय इचारणार? तुमी लिवलं मंजी बराबरच असनार." तो अगदी साधेपणाने म्हणाला, "आन तुमीच तर शिकवलं हुतं दहावीत. व्हॅलिड मंजी चालनारं, इनव्हॅलिड मंजी न चालनारं. कालचा एसटीचा पास आज चालतो का, असं इचारायचा तुमी. मला पक्कं ध्यानात हुतं. दवाखान्यात त्यो शब्द वाचला तवाच म्हनलं, बराबर हाय. पाय चालत न्हाई, मानूस चालत न्हाई. नोकरी कशी चालंल? मला वाटलं, पाय मोडला आन पाच वर्षांची नोकरीबी त्याच्यासंगं खोडली. पेन्शन येती, ते पायाचे पैसे असतील म्हनलं."

ते उदाहरण मी दर वर्षी द्यायचे. चौतीस वर्षं. पोरं हसायची म्हणून मला आवडायचं.

"फलकावर नाव न्हाई त्यांचं," शिवांजली एकदम बोलली. दुपारपासून कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. "समद्यांची हायेत. ज्यांनी दोन वरसं केली त्यांचीबी हायेत. पंदरा ऑगस्टला माजी सैनिकांना पुढं खुर्च्या मांडत्यात. पप्पा कवाच आलं न्हाईत. मी भाषण करायची, बक्षीस घ्यायची, तवाबी न्हाई. मला वाटायचं, पायामुळं लाजत्यात. जूनमधी ट्रंक उघडली तवा कळलं. ह्ये पुस्तक झाकून ठेवत्यात, चोरीचं असल्यासारखं. म्हनले, अगं माझी नोकरी धरलीच न्हाई त्यांनी. आन त्या कागदावर तुमची सही!"

"शिवा," नानासो म्हणाला.

"न्हाई पप्पा, बोलू द्या. मी मुद्दाम जोडला त्यो कागद, सरकारी मानूस तरी सांगंल खरं काय त्ये. पप्पा नगं म्हनत हुते. मला आतनं वाटायचं, बाई चुकनार न्हाईत, मंजी खरंच काय तरी झालं आसंल. पप्पांनीच काय तरी केलं आसंल, असं वाटलं मला. माझ्या बापाबद्दल!" तिचे डोळे भरले आणि ती आणखी संतापली. "सकाळी त्या सरनी परत लावलं तवा मी मोबाईलवर शोधलं. दोन मिनटं लागली बाई. दोन मिनटं! तवा म्हनलं, आता तुमाला घिऊनच जायचं. तुमी आमाला मुळं काढायला लावायचा. पप्पांच्या शब्दाचं काढायला तुमाला येळ न्हवता."

आयुष्यभर पोरांना उभं करून झापलं, आज मी उभी होते.

"नानासो," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मला माफ कर."

तो गडबडला. उठायला लागला, पाय अडकला, बाकाला धरून सावरला. मग आमच्या भागात लाख गोष्टींना जे उत्तर देतात तेच त्याने दिलं. पोराने पेन हरवलं, भाजीला मीठ कमी पडलं, गाडी चुकली, की देतात तेच.

"चालतंय की, बाई."

माझ्या अंगाचा भडका उडाला.

"नाही चालत!" मी ओरडले. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. "नाही चालत, नानासो! एकवीस वर्षं माणूस घरात दडून बसला आणि चालतंय? पोरगी बापावर संशय घेत होती आणि चालतंय? तू असा चालतंय चालतंय म्हणत राहिलास म्हणूनच माझ्यासारख्यांचं फावलं! शिव्या दे मला! निदान एकदा तरी म्हण, बाई, तुम्ही माझं वाटोळं केलं!"

तो खाली बघत उभा राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "माझी आई गेली बाई, मागच्या सालात. तिला वाटत हुतं, मला फौजेतनं हाकललं. कुनाला सांगायची न्हाई, पर तिला वाटत हुतं." तो थांबला. "त्ये न्हाई चालत. त्ये काय केलं तरी न्हाई चालत."

कराडची गाडी लागली. नानासो आधी चढला, दांडीला धरून, डावा पाय मागून ओढत. शिवांजली त्याच्या मागे. मी दोन पावलं मागे सरले, घरी जायला वळले. वाटेत औषधं घ्यायची होती, गच्चीवर कपडे वाळत होते. आणि दोन दिवसांनी झेंडावंदन होतं. भोकरवण्याच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या जाणार होत्या, नेहमी मांडतात तेवढ्याच.

मी पुन्हा मागे वळले आणि तशीच गाडीत चढले.

"कुठं?" कंडक्टरने विचारलं.

"कराड. तिथून पुढे भोकरवणे."

तीनजणांच्या बाकावर शिवांजलीने मध्ये बॅग ठेवली होती. तिने ती उचलली नाही. मी त्यांच्या पुढच्या बाकावर बसले. गाडी सुटली. सांगलीच्या बाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. मी मागे न वळता बोलायला लागले, कारण वळून बोलायची हिंमत नव्हती.

"उद्या सकाळी पंचायतीत जायचं. सरपंच, ग्रामसेवक, सगळ्यांसमोर मी सांगणार, चूक कुणाची ते. फलकावर नाव पंधरा तारखेच्या आत पडलं पाहिजे. रंगारी नाही मिळाला तर मी लिहीन. अक्षर अजून बरं आहे माझं. आणि झेंडावंदनाला माइक मागणार. आख्ख्या गावाला तो शब्द शिकवणार, मुळापासून. ज्यांनी ज्यांनी कुजबूज केली असेल त्यांना उभं करून."

कंडक्टर तिकिटं फाडत पुढे गेला. पेठ नाक्याच्या अलीकडे ऊन तांबडं झालं, उसाच्या शेंड्यांवर उतरलं. चातुर्मास चालू होता आणि दिवस मावळल्यावर मी काही खात नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. दुपारपासून पोटात चहाचा एक घोट होता. जाऊ दे, म्हटलं. आज उपास घडलेलाच बरा.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. हातात कागदात गुंडाळलेले दोन शेंगदाण्याचे लाडू होते.

"धा मिनटं हायेत अजून दिस मावळायला," शिवांजली म्हणाली. आवाजातली धार तशीच होती. "खावा. उद्या पंचायतीत उपाशी पोटी वरडता येनार न्हाई."